लॅपटॉपच्या कोटेशनवरची अक्षरं कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला आहे, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदाराने कोटेशनवर लिहून दिलंय, ‘आय फाइव्ह, १६ जीबी डीडीआर फोर, ५१२ जीबी एम डॉट टू एनव्हीएमई एसएसडी, एफएचडी आयपीएस, ६५ वॅट टाइप सी पीडी’. तिकडे मुलीच्या वहीत पहिल्याच महिन्यात पीसीबी, आयसी, मॉसफेट, एसएमपीएस असे शब्द आलेत. तुम्हाला सगळ्यांच्या फुलफॉर्मची एक यादी हवी आहे, म्हणजे दोघं मिळून पाठ कराल.

यादी पाठ करण्याआधी माझं थोडं ऐका. मी २६ वर्षं बोर्ड रिपेअरिंग करतोय आणि त्यातली बरीच वर्षं मुलांना शिकवतोही आहे. फुलफॉर्म तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा बाजारातून चुकीचा पार्ट घेऊन येतात, हे मी वारंवार पाहिलंय. एनव्हीएमई म्हणजे नॉन व्होलटाइल मेमरी एक्सप्रेस. झालं पाठ. पण आपल्या लॅपटॉपला तो चालेल का, हे त्या चार शब्दांतून कळत नाही. म्हणून मी मुलांना एकच सवय लावतो. कुठलंही लघुरूप समोर आलं की आधी विचारायचं, हे वस्तूचं नाव आहे, माप आहे, आकार आहे, की दोन वस्तू एकमेकींशी ज्या पद्धतीने बोलतात ती भाषा आहे? तुमच्या त्या एका ओळीत हे चारही प्रकार आहेत, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाला दुसरं समजल्यामुळे.

‘एम डॉट टू एनव्हीएमई एसएसडी’ हेच घ्या. यात एसएसडी हे वस्तूचं नाव: सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे आत फिरणारी तबकडी नसलेली, नुसत्या चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. एम डॉट टू हा आकार आहे, च्युइंगगमच्या पट्टीसारखं कार्ड. त्यावर बहुधा २२८० छापलेलं असतं, म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर. आणि एनव्हीएमई ही भाषा. याच आकाराच्या कार्डात साटा ही जुनी भाषा बोलणारे एसएसडीही मिळतात.

एक इंजिनिअरिंगचा मुलगा असाच माझ्याकडे आला होता. लॅपटॉप थोडा जुना, एसएसडी नवा कोरा, ऑनलाइन मागवलेला. कार्ड खाचेत बरोबर बसलं, स्क्रूसुद्धा लागला, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, ड्राइव्हचं नावच दिसेना. खराब आहे म्हणून त्याने एकदा बदलूनही घेतला होता. दुसराही तसाच. मी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडलं. त्याच्या लॅपटॉपच्या त्या स्लॉटपर्यंत फक्त साटाच्या लाइन आणलेल्या होत्या, आणि कार्ड एनव्हीएमईचं होतं. दोन्ही वस्तू ठणठणीत, फक्त एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. साटाचा एम डॉट टू लावला आणि पाच मिनिटांत विंडोज चढायला लागलं.

कार्ड हातात घेतलंत तर त्याच्या सोनेरी दातांकडे बघा. एनव्हीएमईच्या कार्डाला बहुधा एकच खाच असते, साटाच्या कार्डाला बहुधा दोन. हा ‘बहुधा’ लक्षात ठेवा. खाच हा आकार आहे, त्यावरून भाषेची खात्री होत नाही. लेबल वाचायचं आणि लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती काढायची. तुम्ही नवीन मशीन घेताय, त्यामुळे ही अडचण तुम्हाला येणार नाही. पण तीन वर्षांनी मुलगी स्वतः एसएसडी वाढवायला निघेल तेव्हा हे उपयोगी पडेल. वेगातला फरक म्हणाल तर साटा सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपाशी थांबतो. पीसीआयई या बोर्डावरच्या वेगवान जोडणीच्या तिसऱ्या पिढीवर चालणारा एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जातो.

‘टाइप सी पीडी’ मध्येही तीच जोडी आहे. टाइप सी हा आकार, कुठल्याही बाजूने घातला तरी चालणारा लंबगोल कनेक्टर. पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, ही भाषा. चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात ठरवतात, ५ व्होल्ट हवेत, ९, १५ की २०, आणि मगच पुरवठा वाढतो. तुमच्या ६५ वॅटचा हिशेब २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर. इथे एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. साधी टाइप सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंतच चालते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात एक छोटी चिप असते. मोबाइलची केबल लॅपटॉपला लावली आणि ‘स्लो चार्जर’ असा संदेश आला, तर चार्जरला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. लॅपटॉपला टाइप सीचं भोक आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होईलच किंवा प्रोजेक्टर चालेलच, असंही समजू नका. कोटेशनवर पीडी लिहिलंय ते बरं झालं. प्रोजेक्टरचं मात्र विचारून घ्या.

टाइप सी हा यूएसबीचाच कनेक्टर. यूएसबी, म्हणजे युनिव्हर्सल सिरियल बस. यातला पहिला शब्द त्या काळी खरोखर गरजेचा होता. १९९६ साली त्याची पहिली आवृत्ती आली, त्याआधी माऊसला एक भोक, प्रिंटरला दुसरं, मोडेमला तिसरं, असा संगणकाच्या मागे सगळा पसारा असायचा. हे एकत्र आणणाऱ्या इंटेलच्या चमूत अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. मुलीला हे जरूर सांगा.

बाकीची ओळ लवकर उरकतो. आय फाइव्ह हे प्रोसेसरच्या वर्गाचं नाव. त्याच्यापुढचा पूर्ण आकडा आणि शेवटचं अक्षर मागून घ्या, कारण दहा वर्षांपूर्वीचाही आय फाइव्हच होता. शेवटी यू असेल तर कमी वीज खाणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. एफएचडी हे माप: आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. आयपीएस हा पडद्याचा प्रकार, बाजूने पाहिलं तरी रंग फिके पडत नाहीत. जाता जाता, ‘एलईडी टीव्ही’ म्हणून आपण जो घेतो तो एलसीडीच असतो, फक्त त्याच्या मागचा उजेड एलईडीचा असतो. ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो ओएलईडी.

१६ जीबी डीडीआर फोर ही रॅम, म्हणजे मशीनची चालू कामाची मेमरी. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाच्या एका ठोक्यात माहिती दोनदा जाते, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणून ३२०० लिहिलेल्या रॅमचं खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं असतं. फोर ही पिढी. डीडीआर थ्री १.५ व्होल्टवर चालते, फोर १.२ वर, फाइव्ह १.१ वर. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी ठेवलेली आहे, म्हणजे चुकीची रॅम बसूच नये. दुकानदाराला एवढंच विचारा: १६ जीबीतली किती बोर्डावर डाख दिलेली आहे आणि किती स्लॉटमध्ये आहे? डाख दिलेली पुढे बदलता येत नाही.

आता मापांकडे येतो. आपण मराठीत ही अक्षरं देवनागरीत लिहितो तेव्हा एक मोठी खूण गळून पडते. रोमन लिपीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांचा अर्थ वेगळा असतो. आपल्याकडे दोन्ही ‘एम’, दोन्ही ‘बी’. कॅपिटल बी म्हणजे बाइट, स्मॉल बी म्हणजे बिट, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. इंटरनेटवाला १०० एमबीपीएस म्हणतो तो स्मॉल बी असतो. फाइल उतरताना दिसतो तो आकडा बहुधा कॅपिटल बीचा. म्हणून १०० च्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसणार. ‘शंभर सांगून बारा देतात’ अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी कागदावर हा भागाकार करून दाखवतो. लाइन बरोबर असते.

५१२ जीबीचं तसंच. विंडोज उघडलंत की तिथे साधारण ४७६ दिसतील. डिस्क बनवणारे जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही त्याला जीबीच म्हणतं. या दुसऱ्या मापाला आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ साली गिबिबाइट असं वेगळं नाव दिलं, पण ते बाजारात रुजलं नाही. तुमचे ३६ जीबी कोणी खाल्लेले नाहीत.

एमचा घोळ याहून मोठा आहे. स्मॉल एम म्हणजे मिलि, हजारावा भाग. कॅपिटल एम म्हणजे मेगा, दहा लाख पट. आणि तिसराही एम तुमच्या घरात, डोक्यावर फिरतोय. पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘कंडेन्सर गेलाय, अडीचचा आणा.’ त्या पांढऱ्या डबीवर बऱ्याचदा छापलेलं असतं, २.५ एमएफडी. इथला एम मिलि नाही आणि मेगाही नाही. तो मायक्रो आहे, फॅरड या कंडेन्सरच्या मापाचा दहा लाखावा भाग. मायक्रोची खरी खूण म्यू हे ग्रीक अक्षर आहे, ते छापायची सोय नसेल तिथे एम लिहायची जुनी रीत होती आणि कंडेन्सरच्या धंद्यात ती टिकून राहिली. म्हणजे एकाच अक्षराचे तीन अर्थ, आणि कुठला घ्यायचा ते वस्तूकडे पाहूनच ठरतं. मुलगी मीटर वापरायला लागेल तेव्हा तिच्याकडून पहिल्या दिवशी हेच घोटवून घ्या: मिलि, मायक्रो, मेगा.

पॉवर बँकेवरचा एमएएच हाही फसवा आकडा आहे. मिलिअँपिअर-तास हे माप व्होल्ट सांगितल्याशिवाय अपुरं असतं. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार करा, ७४ वॅट-तास. मोबाइलला ५ व्होल्टने देताना तेच १४,८०० होतात, आणि वाटेतल्या उष्णतेत आणखी काही जातात. म्हणून ५,००० एमएएचचा फोन चार वेळा भरत नाही, साधारण तीनच वेळा भरतो. खरी तुलना करायची तर वॅट-तास बघा. विमानातही तोच आकडा बघतात: १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक वेगळ्या परवानगीशिवाय केबिन बॅगेत चालते, सामानात द्यायच्या बॅगेत नाही.

यूपीएस घ्याल तेव्हाही हेच. ‘सहाशेचा यूपीएस’ म्हणतात तो ६०० व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर. शेजारी बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं सापडेल. आपल्या उपकरणांची बेरीज त्या ३६० शी लावायची.

काही नावं अशी आहेत की आतली वस्तू बदलली, नाव राहिलं. त्यांचा फुलफॉर्म तर आज सरळसरळ दिशाभूल करतो. रॉम म्हणजे रीड ओन्ली मेमरी, फक्त वाचता येणारी. आणि मोबाइलच्या खोक्यावर छापतात ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम’. त्या १२८ मध्ये तुम्ही रोज फोटो लिहिताय आणि पुसताय! साटामधला ‘एटी’ हा आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी एटी या मशीनमधून आलाय, ते मशीन आता संग्रहालयातच दिसेल. बायोसच्या जागी यूईएफआय ही नवी व्यवस्था येऊनही बरीच वर्षं झाली, पण आम्ही सगळे अजून ‘बायोसमध्ये जा’ असंच सांगतो. आणि वाय-फाय हा तर मुळात कशाचाच शॉर्टफॉर्म नाही. १९९९ साली एका ब्रँडिंग कंपनीकडून तयार करून घेतलेलं ते नाव आहे, त्याचा ‘वायरलेस फिडेलिटी’ हा फुलफॉर्म नंतर चिकटवला गेला. परीक्षेत कुणी विचारला तर मुलीला हे ठामपणे सांगता आलं पाहिजे.

सीमॉसचं उदाहरण मला फार आवडतं. कॉम्प्लिमेंटरी मेटल ऑक्साइड सेमिकंडक्टर, हे चिप बनवण्याच्या एका पद्धतीचं नाव. जुन्या संगणकात तारीख-वेळ आणि सेटिंग जपणारी छोटी मेमरी या पद्धतीने बनवलेली असायची, कारण तिला वीज अगदी थोडी लागते. मग त्या मेमरीलाच सीमॉस म्हणायला लागले, आणि पुढे तिला जिवंत ठेवणाऱ्या बॅटरीला सीमॉस सेल. आज प्रोसेसरपासून कॅमेऱ्यापर्यंत जवळजवळ सगळंच सीमॉस पद्धतीचं आहे, पण काउंटरवर ‘सीमॉस द्या’ म्हटलं की ती नाण्याएवढी बॅटरीच हातात पडते. त्या बॅटरीवर लिहिलेलं असतं सीआर २०३२. यातला सी लिथियमच्या एका रसायनाची खूण, आर म्हणजे गोल, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. चार्जिंगला लावला तरी लॅपटॉप रोज जुनीच तारीख दाखवत असेल तर तीन व्होल्टचा हा सेल आधी तपासा.

आता मुलीच्या वहीकडे. पीसीबी म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड, ती हिरवी पाटी. आयसी म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, एकाच तुकड्यावर बसवलेलं अख्खं सर्किट. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी १९५८ साली पहिलं करून दाखवलं, त्यासाठी त्यांना २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मॉसफेट हा तीन पायांचा विजेचा नळ समजा, गेट नावाच्या पायावर व्होल्टेज दिलं की प्रवाह सुरू, काढलं की बंद. या व्याख्या तिला पुस्तकात मिळतील. पुस्तकात कमी सापडतात ती बोर्डावर पांढऱ्या शाईने छापलेली अक्षरं, आणि आमचं पोट त्यांच्यावरच चालतं.

आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर (पंख्यातला कंडेन्सर तो हाच), डी डायोड, एफ फ्यूज. एल म्हणजे कॉइल, क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट, यू म्हणजे आयसी. क्यू आणि यू यांचा फुलफॉर्म शोधत बसू नका, खुणा म्हणूनच ओळखा. लॅपटॉपच्या बऱ्याच बोर्डांवर यांच्याआधी एक पी लागतो, पीएल, पीक्यू, पीसी, पीयू. तो पी म्हणजे पॉवर, हा भाग वीज पुरवणाऱ्या सर्किटातला आहे.

एखादा लॅपटॉप पूर्ण बंद अवस्थेत येतो तेव्हा मी काय करतो ते सांगतो. जॅकपाशी मीटर लावला, अ‍ॅडॅप्टरचे १९ व्होल्ट आले. जॅकला लागून पीएल नावाची कॉइल, तिच्या पलीकडेही १९. पुढे पीक्यू, म्हणजे मॉसफेट. त्याच्या एका बाजूला १९ आणि दुसऱ्या बाजूला शून्य. आता शोध इथेच थांबतो. एक तर मॉसफेट गेलाय, नाहीतर त्याला उघडायचा हुकूम येत नाहीये, नाहीतर पुढे कुठेतरी पीसी नावाचा कपॅसिटर शॉर्ट आहे आणि संरक्षण म्हणून सर्किटाने नळ उघडलेला नाही. सर्किटाच्या नकाशात पुढच्या लाइनचं नाव ‘३ व्हीएएलडब्ल्यू’ असं असतं. एएलडब्ल्यू म्हणजे ऑलवेज: लॅपटॉप बंद असतानाही, बटणाची वाट बघत, ही लाइन कायम चालू असली पाहिजे. शेवटी नुसता एस असेल तर ती लाइन मशीन सुरू झाल्यावरच येते. आमची मुलं ‘थ्री व्होल्ट ऑलवेज आलाय का’ असं एकमेकांना ओरडून विचारतात. त्या तीन अक्षरांचा अर्थ ज्याला माहीत नाही तो बंद मशीनवर एसची लाइन मोजत बसतो आणि चांगली आयसी काढून टाकतो.

बारीक पार्टांवरचे आकडेही असेच वाचायचे. रेझिस्टरवर १०३ म्हणजे १० आणि पुढे तीन शून्यं, १०,००० ओहम. ४आर७ म्हणजे ४.७, दशांशचिन्हाचा ठिपका छपाईत पुसला जातो म्हणून त्याच्या जागी अक्षर. कपॅसिटरवर १०४ म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, तोच ०.१ मायक्रोफॅरड.

मुलीला सरावासाठी घरातला बंद पडलेला राउटर उघडू द्या, ज्याचा अ‍ॅडॅप्टर वेगळा बाहेर असतो असा. अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवायचा, नुसता बोर्ड हातात घ्यायचा, भिंग घेऊन किती आर, किती सी, किती क्यू ते वहीत मोजायचं आणि प्रत्येकाशेजारी एक ओळ लिहायची. संगणकाचा जुना एसएमपीएस मात्र सध्या तिच्या हाती देऊ नका. एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. घरातले २३० व्होल्ट एसी त्यात शिरल्याबरोबर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे असतात. तो कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा कसा करायचा, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांसमोर एकदा करून झालं की मग उघडू दे.